तेल-गॅस निघाला म्हणजे तो भाग सुधारला असं नसतं, बेटा

बेटा,

तुझा मेसेज वाचला. समृद्धीच्या बाजूनं गॅसची पाईपलाईन गेली, वणी-चंद्रपूरकडं कोळशातला गॅस पण काढणार अशी चर्चा आहे, तर इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे दाब-प्रवाह मोजणाऱ्या उपकरणांचा, डिप्लोमा झाल्यावर ड्रिलिंगमध्ये, म्हणजे विहिरी पाडायच्या कामात, जाऊ का, असं तू विचारते आहेस. या लाईनमध्ये नक्की ये. पण तेल-गॅस निघाला की तो भाग आपोआप सुधारतो हे डोक्यातून काढून टाक, निघालेल्या मालावर पुढचं काम कुठं होतं त्यावर सगळं असतं. आपल्या कापसाचं हेच झालं ना, पिकवला वऱ्हाडानं आणि त्याचं कापड झालं भलतीकडं.

आसामचं बघ. दिग्बोईला 1889 मध्ये तेल लागलं, 1901 मध्ये तिथंच रिफायनरी झाली. मग स्वातंत्र्यानंतर नहरकटियाला मोठा साठा सापडला आणि ते तेल थेट बिहारात बरौनीला न्यायचं ठरलं तेव्हा तिथले लोक रस्त्यावर आले, तेल आमचं तर रिफायनरी पण आमच्याकडंच पाहिजे म्हणाले. त्या दबावानं गुवाहाटीला 1962 मध्ये रिफायनरी आली, पण छोटी, मोठी बरौनीलाच बसली, त्यासाठी हजार किलोमीटरच्या वर पाईपलाईन टाकली. नुमालीगढची तर 1985 च्या आसाम करारात लिहून घ्यावी लागली आणि तिथं व्यावसायिक उत्पादन सुरू व्हायला 2000 साल उजाडलं. मागितलं म्हणून मिळालं, पण किती पिढ्या गेल्या बघ.

गुजरातमध्ये मी नोकरी केली म्हणून तिकडचं जास्त माहीत आहे. अंकलेश्वरला 1960 मध्ये तेल सापडलं, 1965 मध्ये बडोद्याजवळ कोयलीची रिफायनरी चालू झाली, मग शेजारी खताचा कारखाना, पेट्रोकेमिकल, आणि त्यांच्या आधारानं व्हॉल्व दुरुस्त करणारे, पंपवाले, वेल्डिंगवाले, टँकरवाले. रिगवर, म्हणजे तेलाची विहीर पाडायच्या यंत्रावर, जेवढी माणसं त्याच्या कितीतरी पट बाहेर कामाला होती. रिग तर एका जागी राहतच नाही, विहीर पाडली की उचलून दुसरीकडं, आणि रिगवरचा पोरगा पण तिच्यामागं.

म्हणून म्हणतो, तू ड्रिलिंगच्या मागं लागू नको, तुझं इन्स्ट्रुमेंटेशनच पक्कं कर. प्रेशर ट्रान्समीटर, कंट्रोल व्हॉल्व, गॅस डिटेक्टर, कंप्रेसर हे विहिरीवर पण लागतं, पाईपलाईनच्या स्टेशनवर पण, सीएनजी पंपावर पण, म्हणजे घरापासून जवळ राहून करता येईल असं काम. पुढं शिकायचं असेल तर आपल्या नागपूरचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आहे, 1942 पासूनचं, तिथं पेट्रोकेमिकल शिकवतात. आणि मुलींचं हे काम नाही म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकायचं काहीच कारण नाही.

कोळशातल्या गॅसचं नीट समजून घे, कारण गावात लोक तुलाच विचारणार. हा गॅस म्हणजे मिथेन, तो कोळशाच्या थरात पाण्याच्या दाबानं अडकून असतो, ते पाणी उपसलं, दाब उतरला की गॅस सुटतो. म्हणजे सुरुवातीला गॅस कमी आणि पाणीच जास्त निघतं, बरेचदा खारट. ते पाणी कुठं सोडणार, नाल्यात की टाकीत, साफ करून की तसंच, हा प्रश्न ग्रामसभेत पहिल्याच दिवशी विचारायचा, नंतर आपल्या पाण्याच्या विहिरी बिघडल्यावर विचारून काय उपयोग. मध्य प्रदेशात शहडोलला असा गॅस 2017 पासून विकला जातो, आणि तो न्यायला 302 किलोमीटरची लाईन उत्तर प्रदेशात फूलपूरपर्यंत टाकली आहे. इथं पण तेच दिसतं ना, गॅस निघतो एकीकडं आणि लाईन जाते दुसरीकडं.

पाईपलाईनचं पण सांगतो, तुझ्या बाबांना वाचून दाखव. 1962 च्या कायद्यानं पाईपलाईनसाठी जमीन विकत घेत नाहीत, फक्त वापराचा हक्क घेतात, सातबारा तुमच्याच नावावर राहतो. पिकाचं नुकसान आणि जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के एवढी भरपाई मिळते. पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. कपाशी-सोयाबीन चालते, संत्रा चालत नाही, आणि आपल्या आर्वीकडं संत्र्याची बाग म्हणजे पुढच्या कितीतरी वर्षांची कमाई असते, म्हणून लाईन वावराच्या कडेनं जाते की मधून हे नकाशावर बघितल्याशिवाय सही करायची नाही.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. आसाममध्ये बाघजानला मे 2020 मध्ये गॅसच्या विहिरीवर वर्कओव्हर, म्हणजे जुन्या विहिरीची दुरुस्ती, चालू असताना गॅस सुटला, जूनमध्ये पेटला, आग विझवता विझवता दोन अग्निशमन जवान गेले, शेजारच्या गावांना घरं सोडावी लागली आणि आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. तू मीटर वाचणारी होशील. आकडा बरोबर वाटला नाही तर काम थांबवायचं, साहेब कितीही घाई करो. नोकरी दुसरी भेटते.

आणि भरतीची जाहिरात आली की पहिले मला पाठव, एजंटला एक रुपया देऊ नको. पुढच्या महिन्यात मी नागपूरला आहे, एलआयटीत सोबत जाऊन चौकशी करू, मार्कशीट घेऊन ये.

तुझे काका