वाचकांचे प्रश्न : बंदुकीचा धक्का आणि दस्त्याचं पॅड

प्रश्न : माझी उंची ५ फूट २ इंच. घरातल्या जुन्या १२ बोअर दुनळीने क्ले टार्गेटचा (हवेत सोडलेल्या मातीच्या चकत्या टिपण्याचा) सराव करते. धक्का फार बसतो म्हणून दस्त्यावर (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडी भागावर) वरून चढवायचं रबरी पॅड घेतलं, तर आता दंड काळानिळा होतो. आणखी जाड पॅड घेऊ का?

उत्तर : मुळीच नको. डाग दंडावर पडतोय, म्हणजे दस्ता खांद्याच्या खळगीत बसतच नाही. तुमच्या पॅडने आधीच लांब असलेला दस्ता आणखी वाढवला. असा दस्ता उचलताना काखेशी अडकतो आणि बाहेर सरकून दंडावर टेकतो.

आधी लांबी मोजा. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा. मग पुढच्या चापापासून दस्त्याच्या मागच्या बाजूच्या मध्यापर्यंत टेप धरा. तयार बंदुकांत हे अंतर साधारण १४ ते साडेचौदा इंच असतं. तुमच्या उंचीला १३ ते साडेतेरा पुरावं. बंदूक खांद्याला लावल्यावर चापाच्या हाताचा अंगठा आणि नाक यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. सरावाचं जाकीट घालूनच बघा, त्याची जाडीही धरावी लागते.

लांबी जास्त निघाली तर दस्ता कापून त्याच्या टोकाला पॅड बसवायचं. समजा पॅडसकट सव्वातेरा इंच ठरलं आणि पॅड पाऊण इंचाचं आहे, तर लाकूड साडेबारावर कापायचं. पण पहिल्या खेपेला पाव इंच जास्तच ठेवा आणि काही दिवस सराव करून मग उरलेलं काढा. काम परवानाधारक कारागिराकडेच द्या. कापण्याच्या रेघेवर चिकटपट्टी लावली की लाकडाचे कपचे उडत नाहीत. कापलेल्या तोंडाला वॉर्निश हवंच, नाहीतर पावसाळ्यात लाकूड ओल पितं. कापण्याचा कोनही महत्त्वाचा: तो चुकला तर दस्त्याचं खालचं टोक छातीत रुततं. जुनी बंदूक आहे, कापलेला तुकडा जपून ठेवा.

पॅड कुठलं? ते क्ले टार्गेटचा कुठला प्रकार खेळता, ट्रॅप की स्कीट, त्यावर ठरतं. ट्रॅपमध्ये बंदूक खांद्याला लावूनच हाक देऊन टार्गेट सोडायला सांगता येतं, तिथे खरबरीत, मऊ पॅड चालतं. स्कीटमध्ये बंदूक कमरेजवळून वर येते. तिथे वरची कड गोल, गुळगुळीत आणि जरा कडक हवी, नाहीतर रबर जाकिटाच्या कापडाला धरतं आणि दस्ता अर्ध्यातच थांबतो. फार मऊ पॅडवर बंदूक डुलते, दुसरा बार चुकतो.

पॅड धक्का नाहीसा करत नाही; तो जरा जास्त वेळात आणि मोठ्या जागेवर पसरवतं. खरी घट काडतुसात आहे. त्याच बंदुकीत, त्याच वेगाला, २८ ग्रॅम छऱ्यांऐवजी २४ ग्रॅम घेतले तर धक्क्याची ऊर्जा सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरते. बंदुकीच्या नळ्यांना हे काडतूस चालतं का, हे मात्र कारागिराकडून आधी तपासून घ्या.

प्रश्न : पॅड चिकट होऊन एका बाजूला दबलंय. का?

उत्तर : बंदूक कपाटात दस्त्यावर उभी असणार. नळीतलं तेल हळूहळू खाली उतरतं, लाकडात आणि रबरात मुरतं, आणि वजनाने पॅड दबतं. चिकट झालेलं रबर पुन्हा सुधारत नाही, ते बदलावं लागेल. नवं बसवल्यावर तेल अगदी थोडं लावून पुसून घ्या आणि बंदूक आडवी ठेवा.