पाव किलो भेंडी आणि चार माणसं

"मॅडम, मला फक्त एक डाएट चार्ट द्या. ज्याला वेळ लागणार नाही असा."

आहाराच्या समुपदेशनासाठी येणाऱ्या नोकरदार बायकांची मागणी बहुतेक वेळा हीच असते. गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका ताईंचीही तीच होती. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव सांगत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचं वय अडतीस. घर नाशिकच्या इंदिरानगरला, नोकरी शरणपूर रोडवरच्या एका ऑफिसात हिशेबाची. सहाला सुटायचं आणि मुंबई नाक्याच्या गर्दीतून गाडी काढत घरी पोचेपर्यंत सात वाजायचे. मिस्टर अंबडला कारखान्यात, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. मुलगा आठवीत, सासूबाईंना मधुमेह. ताईंच्या हातात स्वतःचा रिपोर्ट होता: हिमोग्लोबिन १०.२, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर) ५.९. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात, आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह नाही, पण त्या दिशेने वाटचाल आहे. आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त का कमी झालं ते पाहून घ्या, गोळ्या लागल्या तर घ्या, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं. जेवणातल्या बदलावर सगळा भार टाकून चालत नाही.

रिपोर्टपेक्षा त्यांना वेगळंच काही बोचत होतं. "माझी आई रोज ताजा स्वयंपाक करायची. माझ्या घरात आठवड्यातून तीनदा बाहेरून येतं. मुलाला वाटत असेल, आपल्या आईला काही येतच नाही." हे सांगताना त्यांचा आवाज कापत होता.

मी चार्ट दिला नाही. आठवडाभर तीन गोष्टी लिहून आणायला सांगितल्या: रात्री काय खाल्लं, ते किती वाजता ठरलं आणि कोणी ठरवलं.

पुढच्या भेटीत वही पाहिली. बाहेरून मागवलेलं प्रत्येक जेवण सव्वासात ते आठच्या दरम्यान ठरलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते ताईंनीच ठरवलं होतं. कारणंही लिहिली होती. कणीक भिजवलेली नाही. भाजी चिरलेली नाही. वरण लावलं तर भाजी राहील. म्हणजे चूल पेटवायला त्या तयारच होत्या. पण आपल्याला हवा तसा सगळा स्वयंपाक साडेआठपर्यंत होणार नाही असं दिसलं की सगळंच सोडून द्यायच्या. आणि मधे एका दिवशी लिहिलं होतं: "ताप होता. काही केलं नाही. मुलाने खिचडी टाकली."

त्या ओळीवर मी थांबले. विचारलं, खिचडीबरोबर काय होतं? ताक होतं, काकडी होती. सगळे किती वाजता जेवले? आठला. कोणी नावं ठेवली? नाही. पूर्ण आठवड्यात घरचं खाणं सगळ्यांत लवकर ताटात पडलेला दिवस तो होता, आणि ताईंनी तो चुकलेला दिवस म्हणून मांडला होता.

त्यांच्या मनातला स्वयंपाक म्हणजे तव्यावरून उतरणारी गरम पोळी, एक सुकी भाजी, वरण-भात आणि कोशिंबीर. त्यांच्या आईच्या घरी ते रोज व्हायचं. आई घरी असायची, हातात पूर्ण दिवस असायचा. नऊ तास ऑफिस करून आलेली एकटी बाई तेच दीड तासात उभं करायला जाते, तेव्हा हरते. मग फोन हातात घेते. मी वर्षानुवर्षं हे पाहते आहे आणि आता ठामपणे सांगते: नोकरदार घरातलं बाहेरचं खाणं आळसापेक्षा पूर्ण ताटाच्या हट्टामुळे जास्त वाढतं.

हे नुसतं बोलून ताईंना पटलं नसतं. हिशेब हा त्यांचा रोजचा विषय, म्हणून ताटाचाच हिशेब मांडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी त्यात साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सुचवली आहेत. डाळी-धान्याचे आकडे कच्च्या वजनाचे. आता ताईंचा "चांगला दिवस" बघू. पाव किलो भेंडी, जेवणारी माणसं चार. देठ-टोकं काढून प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास-साठ ग्रॅम. वरणाला एक वाटी तूरडाळ, म्हणजे माणशी पंचवीस ग्रॅम. पोट भरायचं ते पोळ्यांनी आणि भातानेच. चार पदार्थ करून, घामाघूम होऊन, ताटात शेवटी धान्यच जास्त.

मग त्या तापाच्या दिवसाच्या खिचडीत थोडी सुधारणा करून तिचा हिशेब केला. दीड वाटी तांदूळ आणि दोन वाट्या, म्हणजे दोनशे ग्रॅम, मुगाची डाळ. त्यात दुधी, गाजर, फरसबी, टोमॅटो मिळून पाऊण किलो, आणि शेवटी मूठभर पालक. माणशी पन्नास ग्रॅम डाळ झाली, म्हणजे नुसत्या डाळीतून बारा ग्रॅम प्रथिनं. भाजी एका जेवणात जवळजवळ एकशे ऐंशी ग्रॅम. भांडं एक, वेळ अर्धा तास, त्यातही कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हात मोकळे. ताई कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी जास्त राबून कमी खायला घालत होते," असं म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही जे शिकलात तेच करत होतात.

पुढच्या वेळी सगळ्या घराला बोलावलं. ताई एकट्याने बदलल्या असत्या तर पंधरा दिवसांत सासूबाईंच्या किंवा मुलाच्या एका वाक्याने सगळं पूर्वपदावर आलं असतं.

सासूबाई सिन्नर तालुक्यातल्या. बसल्या बसल्याच म्हणाल्या, "एका भांड्यातलं रोज खायला आम्ही काय आजारी आहोत?" मी वाद घातला नाही. विचारलं, आजी, तुमच्या सासरी सुगीच्या दिवसांत कसं जेवायचात? त्या एकदम खुलल्या. "कुठले चार पदार्थ! पहाटे बाजरीच्या भाकरी थापायच्या, ठेचा कुटायचा, कांदा घ्यायचा आणि रानात जायचं. रात्री हुलग्याचे शेंगोळे, नाहीतर पिठलं." बोलता बोलता शेंगोळे कसे वळायचे ते त्यांनी मला हातवारे करून दाखवलं. लसणाच्या झणझणीत पाण्यात उकळलेले हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे म्हणजे एका भांड्यातलं भरपूर कडधान्याचं जेवणच. ताईंना सासूबाई शेंगोळे करतात हे माहीतही नव्हतं. ऑफिसात जाणाऱ्या सुनेच्या घरी असलं साधं कसं करायचं, म्हणून आजींनी ते कधी काढलंच नव्हतं. दोघी एकमेकींसाठी मोठ्या ताटाचा मान राखत बसल्या होत्या.

मिस्टर भले माणूस. म्हणाले, "ती सांगेल ते मी करतो मॅडम, कधी नाही म्हणत नाही." अडचण तिथेच होती. काय करायचं, घरात काय आहे, काय संपलं, कोणाच्या डब्यात काय, हा सगळा विचार ताईंच्याच डोक्यात राहायचा. कांदा चिरायला दुसरा हात मिळाला तरी तो भार हलत नाही. म्हणून आठवड्यातल्या दोन रात्री त्यांच्या नावावर केल्या. ठरवणं, आणणं, शिजवणं, ओटा पुसणं सगळं त्यांचं, आणि ताईंनी स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ते रात्री घरी नसतात, तेव्हा दुपारी निघण्याआधी आमटी किंवा उसळ करून जायचं. अंड्याची भुर्जी त्यांना उत्तम येते. श्रावणात आजींच्या घरात अंडं शिजत नाही, तेव्हा पनीर किंवा टोमॅटो घातलेलं पिठलं.

बाकीचं सगळं एका सवयीवर उभं केलं: उद्याचं आज रात्री ठरवायचं. जेवणं झाली, ओटा आवरला की एक वाटी काहीतरी भिजत घालायचं. मूग, मटकी, चवळी, हरभरे, जे हाताला लागेल ते. हे काम मुलाकडे दिलं, दोन मिनिटांचं आहे. सकाळी उपसून फडक्यात बांधून ठेवलं की मुगा-मटकीला संध्याकाळपर्यंत कोंब दिसायला लागतात, नाशिकच्या थंडीत एक दिवस जास्त लागतो. मोड आल्याने कडधान्यातलं लोह शरीराला मिळणं थोडं सोपं होतं, आणि उसळीवर लिंबू पिळलं की आणखी. ताईंना जेवणावर लगेच चहा घ्यायची सवय होती. ती तासाभराने पुढे ढकलायला लावली, कारण चहा लोह नीट शोषू देत नाही. त्यांच्यासारख्या रक्त कमी असलेल्या बायकांना मी ही एक गोष्ट कधीही सांगायची सोडत नाही.

संध्याकाळच्या जेवणात तीनच गोष्टी बघायच्या ठरवल्या: एक डाळ किंवा कडधान्य, भरपूर भाजी, आणि त्याला साथ म्हणून भाकरी, पोळी किंवा भात, तिन्हींपैकी एकच. डाळमेथी आणि भाकरी. चवळीची उसळ आणि भात. वाटलेल्या मुगाची धिरडी, बरोबर टोमॅटोचं सार. आजींच्या ताटात भात थोडा, उसळ जास्त. कोशिंबिरीला दाण्याचं कूट आणि फोडणी हवीच असं नाही. काकडी, गाजर, मुळा धुऊन, चिरून मधोमध ठेवलं तरी संपतं. पोरं टीव्हीसमोर बसून संपवतात, मी पाहिलं आहे.

भाजीसाठी रविवार. मिस्टर सुट्टीला बाजारात जातात. नाशिकला आपण भाजीच्या बाबतीत फार सुखी आहोत. दिंडोरी-निफाडची ताजी भाजी दारात येते, हिवाळ्यात मेथीच्या जुड्या स्वस्त असतात. अडतं ते निवडण्यापाशी. ते आजींनी आपणहून घेतलं, नातू सोबतीला. निवडलेली पालेभाजी न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची, धुवायची करतानाच.

एका बाबतीत आजी ऐकायला तयार नव्हत्या: शिळं. फ्रीजमधली भिजवलेली कणीक त्यांना आजही चालत नाही, आणि मी तो विषय सोडून दिला. ज्या दिवशी कणीक नाही त्या दिवशी भाकरी. आजी स्वतः थापतात. ज्वारीचं पीठ मात्र थोडं थोडं दळून आणायला हवं, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापतानाच चिरते. उरलेल्या अन्नाबद्दल आजींचं निम्मं बरोबर होतं. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उकाड्यात ओट्यावर रात्रभर राहिलेली आमटी खाऊ नयेच. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलेली उसळ दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून खाल्ली तर चालते. हे त्यांना दोन-तीनदा सांगावं लागलं. शेवटी डब्यावर वार लिहायची पद्धत त्यांनीच सुरू केली.

मुलाने एकच प्रश्न विचारला: "मिसळ बंद?" नाशिकच्या माणसाला मिसळ बंद करा असं मी कधी सांगत नाही. मिसळीतली मटकी चांगलीच आहे. त्रास होतो तो तर्रीच्या तेलाचा, फरसाणाचा आणि मैद्याच्या जादा पावांचा. घरी मटकी दुप्पट, तर्री बेताची, फरसाण वरून चिमूटभर आणि एकच पाव, अशी मिसळ त्यांच्याकडे आता महिन्यातून दोन रविवारी होते. बाहेरची खायची असेल तेव्हा आवडीने, आधी ठरवून, सगळ्यांनी मिळून जाऊन खायची. दमलेल्या रात्री नाइलाजाने मागवलेल्या खाण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीआधी ऑफिसात काम वाढलं आणि बाहेरून मागवणं पुन्हा सुरू झालं. मिस्टरांनी एकदा सलग तीन आठवडे भुर्जीच केली. हे होणारच होतं. अशा दिवसांसाठी घरात भाजणीचं पीठ, अंडी, बेसन आणि दही कायम असावं एवढंच मी सांगितलं. थालीपीठ लावायला कुठली तयारी लागत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या आणि हे जेवण मिळून ताईंचं हिमोग्लोबिन ११.६ वर आलं. एचबीए१सी अजून तिथेच रेंगाळतो आहे. रात्रीच्या जेवणानंतर चालायला सुरुवात केली आहे, पुढच्या तपासणीत कळेल.

हे वाचून कोणी विचारेल, पोळ्यांना बाई लावली तर? जरूर लावा, परवडत असेल तर त्यात कमीपणा काही नाही. सगळ्या आठवड्याची भाजी रविवारी चिरून ठेवली तर? गाजर, फरसबी, कोबी दोन-तीन दिवस टिकतात, भेंडी चिकट होते, कांदा वास सोडतो, म्हणून आठवड्याचं एकदम नको. आणि कोणी एकट्याच राहत असाल, कॉलेज रोडला खोली घेऊन किंवा सातपूरला नोकरीसाठी, तर तुमच्यासाठी दीड-दोन लिटरचा छोटा कुकर आणि मुगाची डाळ एवढ्यापासून सुरुवात करा. डाळीच्या अडीचपट पाणी, हळद, मीठ, चिरलेला एक टोमॅटो, हाताला लागेल ती भाजी. तीन शिट्ट्या.