चिंच नको, आधी कड वाचा

पुण्याच्या जुन्या बाजारात तुम्हाला चांदीचं एक पदक मिळालं. एका अंगाला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या अंगाला घोड्यावरचा उघडा माणूस, १९१४ आणि १९१८ ही सालं. कडेवर नंबर, 'सिपॉय', नाव आणि '११० मराठा'. विकणारा म्हणाला, इराकमधल्या कूतच्या वेढ्यातल्या शिपायाचं आहे. ते खरं का, माणूस सापडेल का, आणि चिंचेने उजळू का, असे तुमचे तीन प्रश्न.

शेवटचा आधी. अजिबात उजळू नका. माझं पहिलं पदक मी चिंच आणि रांगोळीने देवाच्या तांब्यासारखं लखलखीत केलं होतं. कडेवरची आधीच झिजलेली अक्षरं आणखी पुसट झाली. काळपटपणा राहू दे. कोमट पाण्याने धुवा, सुती कापडाने टिपा, बस्स.

हे पहिल्या महायुद्धाचं 'ब्रिटिश वॉर मेडल'. चांदीची सुमारे ६५ लाख निघाली, म्हणजे पदक म्हणून दुर्मीळ मुळीच नाही. वजन जवळपास पावणेतीन तोळे, त्यामुळे आपल्याकडे अशी कितीतरी सोनाराच्या मुशीत गेली. जोडीचं काशाचं 'व्हिक्टरी मेडल' वितळवून काही मिळत नाही, म्हणून ते मागे राहिलं. पाणके, खेचरवाले अशा बिगरलढाऊ लोकांना बहुतेक हेच वॉर मेडल काशाचं मिळालं. भंगारात असं दिसलं तर नकली समजून टाकू नका.

आता कूत. ११० मराठा पलटण इंग्रज जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कूतला वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडची फौज शरण गेली. एवढं विकणाऱ्याचं बरोबर. पण नंतर नवी भरती करून पलटण पुन्हा उभी राहिली, त्या भरतीच्या पदकांवरही '११० मराठा'च आहे. कूतमध्ये अडकलेला माणूस १९१५ संपायच्या आत रणभूमीवर पोचलेला असणार, म्हणजे त्याला '१९१४-१५ स्टार'ही मिळायला हवा. काशाचा, मागच्या बाजूला नाव ठोकलेला. त्याच नंबरचा स्टार मिळाला तर कूतची शक्यता धरा. नाही मिळाला तरी 'नाही' म्हणता येत नाही, कारण संच फुटलेले असतात. पण एकट्या वॉर मेडलवर कूतचा भाव देऊ नका.

माणूस शोधताना नंबर आणि पलटण आधी, नाव शेवटी. कारकुनाने शिंदेचं 'सिंदे' केलेलं असतं, कदमचं 'कुद्दुम'. त्यात नंबर प्रत्येक पलटणीचे वेगळे, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याच माणसाचा. मी एकदा ११७ मराठाच्या शिपायाचं पदक घेतलं. त्याच नावाचा माणूस मृतांच्या यादीत मिळाला, गाव चिपळूणच्या बाजूचं. दोन वर्षं त्याच्यामागे होतो. गावी गेलो, भावकीतल्या आजोबांनी चहा पाजला, पोरांना बोलावून पदक दाखवलं. परतीच्या एसटीत कागद काढला, तर यादीतला माणूस १०५ मराठाचा! त्या घरी फोन करून सांगताना जी लाज वाटली, ती अजून जात नाही.

मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. नंबर टाकून शोधा. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेला आणि थडगं नसलेला शिपाई बहुधा बसरा स्मारकाखाली निघतो. त्या स्मारकाच्या दगडावर हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीगणिक नुसता आकडा कोरलाय, नावं यादीतच. सोबत पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही असतं. मात्र जिल्हे जुने आहेत. 'सातारा' म्हटलं तर आजची सांगलीही धरा, 'रत्नागिरी'त सिंधुदुर्ग, 'कुलाबा' म्हणजे रायगड.

माणूस जिवंत परतला असेल तर काम अवघड. पंजाबच्या शिपायांच्या गाववार नोंदवह्या लाहोरला मिळाल्या, आपल्याकडे तशी चैन नाही. इंग्लंडातल्या पदकांच्या कार्डांत साधा हिंदी शिपाई क्वचितच असतो. पलटणीच्या युद्ध-डायऱ्या आहेत, पण त्यांत नावं अधिकाऱ्यांची. शिपाई 'इतके पडले' एवढाच. तरी वाचा, पलटण कोणत्या तारखेला कुठे होती ते त्यातूनच कळतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरला पत्र टाका. त्यात लिहा की ११० ची पुढे तिसरी बटालियन झाली (इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे तिच्यातले) आणि आज ती २ पॅरा (पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन) आहे, म्हणजे तिथल्या माणसाला धागा लगेच सापडेल. गाव कळलंच तर चावडीवर, शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का बघा: या गावातून इतके गेले, इतके पडले. साताऱ्याजवळचं आपशिंगे यासाठीच ओळखलं जातं, तिथले ४६ जण त्या युद्धात कामी आले.

कड खरवडून दुसरं नाव ठोकलेली पदकंही फिरतात. व्हर्नियरने व्यास मोजा, ३६ मिलिमीटर भरायला हवा; एका जागी कमी भरला तर तिथे कानस फिरली आहे. आणि परदेशातल्या कुणाला विकायचा विचार असेल तर सोडा, शंभर वर्षांवरच्या वस्तूंना पुरावशेष कायदा लागतो.

तेवढा कडेचा फोटो टाका. फ्लॅश नको, खिडकीशी तिरक्या उजेडात, पदक फिरवत चार तुकड्यांत. नंबरातला पहिला आकडा तुम्ही एकदा १ लिहिलाय आणि एकदा ४.