ग्रामसभेला माणूस येईना, करायचं काय?

प्रश्न : निम्मं गाव ऊसतोडीला जातं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गणपूर्ती (किमान हजेरी) होत नाही. दरवर्षी सभा तहकूब. उपाय?
– सरपंच, धारूर तालुका

सरपंचसाहेब, गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा लागतो. तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तीही लागत नाही. म्हणजे कायद्यात तुम्ही बसता. पण मारुतीच्या पारावर बाराजणांनी उरकलेल्या सभेत हातपंप कुणाच्या गल्लीत जातो, हे मी विस्तार अधिकारी असताना पुष्कळ पाहिलंय. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, नंतर शिपायाच्या काखेत घरोघर सह्यांना फिरायचं! तोडीवरचा माणूस उन्हाळ्यात परततो तेव्हा घरकुलाची यादी कायम झालेली असते.

कायदा वर्षाला किमान चार सभा म्हणतो, पाचवी घ्यायला बंदी नाही. तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागायच्या आत, दसऱ्याच्या आगेमागे, एक जादा सभा लावा. पाणी, घरकुल, पुढच्या वर्षाचा विकास आराखडा हे विषय २ ऑक्टोबरला आणि या जादा सभेतच घ्या. जानेवारीला किरकोळ ठेवा. नोटीस सात दिवस आधी, आणि दवंडी तांड्यावरसुद्धा. सकाळी अकराला कोण येणार? दिवेलागणीनंतर बसा.

प्रश्न : सरपंच मी, पण खुर्चीत आमचे मालक बसतात. ग्रामसेवकही त्यांनाच विचारतात.
– महिला सरपंच, औसा तालुका

ताई, खुर्चीचं नंतर बघू. तुमच्या डिजिटल सहीचा डोंगल, तो संगणकाला लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, कुठंय? मालकांच्या खिशात की ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये? वित्त आयोगाचा पैसा त्याच सहीनं निघतो आणि चौकशी लागली की नोटीस तुमच्या नावानं येते, मालकांच्या नाही. आजच डोंगल ताब्यात घ्या, पासवर्ड बदला. मग बिल घेऊन ग्रामसेवक आपोआप तुमच्याकडं येतील. शिवाय प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. ती नुसती कागदावर नको. तिथं बाया पाण्यावर बोलल्या की मुख्य सभेत तो विषय दाबणं अवघड जातं.

प्रश्न : घरपट्टी कुणी भरत नाही. जप्ती करावी का?
– सदस्य, गेवराई तालुका

अधिकार आहे, पण भावकीच्या गावात जप्ती करून पुन्हा निवडून आलेला मी तरी पाहिला नाही. संभाजीनगरजवळच्या पाटोद्यानं कर भरणाऱ्याला दळण फुकट दिलं. गिरणी परवडत नसेल तर निदान नमुना ९ मधली, म्हणजे कर मागणी नोंदवहीतली, थकबाकी चावडीवर लावा, आणि त्यात पहिलं नाव सदस्यांचं.