शेठचा नेटबँकिंगचा पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा का?

तुम्ही विचारलंय की मार्केट यार्डातले तुमचे गूळ-भुसारवाले क्लायंट वारीला चाललेत, जवळजवळ तीन आठवडे, आणि जाताना बँकेचं सिम घातलेला जुना फोन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड तुमच्याकडे देतो म्हणतात, तर घ्यावा का. घेऊ नका. माणूस कितीही सज्जन असू दे, घेऊ नका. मी पुण्यात २२ वर्षं अकाउंट्स लिहितेय, आधी एका सीएंच्या ऑफिसात आणि मग स्वतःचे क्लायंट, आणि सुरुवातीला मीही हेच केलं होतं म्हणून इतकं ठाम सांगतेय.

भोसरीत एक वर्कशॉप होतं, शेठ दिवसभर मशीनवर, त्यामुळे पासवर्ड माझ्या डायरीत आणि तेव्हा बँक ते ग्रिड कार्ड द्यायची ना, अक्षरं आणि त्याखाली आकडे, ते माझ्या पर्समध्ये. एका शनिवारी पाच-सहा पेमेंट करायची होती. एकाच आडनावाच्या दोन पार्ट्या, एक स्टीलवाली आणि एक जॉबवर्कवाली, बेनिफिशरीच्या, म्हणजे ज्यांना पैसे पाठवायचे त्यांच्या, यादीत एकाखाली एक. स्टीलवाल्याचे १,८४,००० जॉबवर्कवाल्याला गेले. सोमवारी स्टीलवाल्याचा फोन, "मॅडम पैसे आले नाहीत, गाडी थांबवलीय." जॉबवर्कवाल्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "माझं येणं होतंच तुमच्याकडे, वळते करून घेतले." त्याचं येणं साठेक हजार होतं, बाकीचे परत यायला चार महिने गेले. शेठ मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण त्यांच्या धाकट्या भावाने पुढच्या आठवड्यापासून माझं प्रत्येक व्हाउचर बघायला घेतलं, आणि खरं तर तो बघणारा माणूस पहिल्या दिवसापासून हवा होता.

आता १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना समोरच्या खात्याचं नाव दाखवायची सोय बँकांना द्यावी लागते, ती खूप कामाची आहे, पण आडनाव सारखं असेल आणि आपण घाईत असू तर डोळा फसतोच. दुसरी गोष्ट, रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं, त्यात सरळ म्हटलंय की खातेदाराने स्वतः पासवर्ड वगैरे कुणाला दिला आणि त्यातून फ्रॉड झाला तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. म्हणजे उद्या काही झालं तर बँक हात वर करणार आणि शेठ तुमच्याकडे बघणार, आणि लॉगिन त्यांचं, ओटीपी त्यांच्या नंबरवर, पण फोन तुमच्या घरात, मग तुम्ही कशाच्या जोरावर सांगणार की हे मी केलं नाही?

सीएंच्या ऑफिसात काम करत असाल तर अजून एक. ३ मे २०२३ च्या अधिसूचनेने प्रॅक्टिस करणारे सीए, कंपनी सेक्रेटरी, कॉस्ट अकाउंटंट क्लायंटच्या वतीने त्याचा पैसा किंवा बँक खातं सांभाळत असतील तर ते मनी लाँड्रिंगच्या कायद्याखाली येतात, केवायसी, रेकॉर्ड, रिपोर्टिंग सगळं मागे लागतं. त्यामुळे सर नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

मग करायचं काय. शेठना घेऊन ब्रँचमध्ये जा आणि करंट अकाउंटवर मेकर-चेकरची सोय मागा. एकट्या मालकाच्या फर्मलाही बऱ्याच बँका देतात, फक्त आपणहून सांगत नाहीत. मेकर तुम्ही, तुमचा स्वतःचा युजर आयडी, ओटीपी तुमच्या मोबाइलवर. तुम्ही बिलं बघून पेमेंट भरून ठेवायची, पैसे मात्र चेकर म्हणून शेठनी त्यांच्या फोनवर मंजूर केल्याशिवाय हलत नाहीत. दिवेघाट चढून सासवडला मुक्काम पडला की रात्री तंबूत बसून दहा मिनिटांत होतं हे काम. रोज रेंज मिळेलच असं नाही, म्हणून चेकर म्हणून त्यांच्या मुलाला किंवा वहिनींना पण घालून ठेवा, घरचं माणूस हवं, तुमच्या ओळखीतलं नको. बँक सहकारी असेल आणि ही सोय नसेल तर तुम्हाला फक्त स्टेटमेंट बघायचा अॅक्सेस घ्या आणि चेकवर सह्या घरच्याच अधिकृत माणसाच्या. सही केलेले कोरे चेक मात्र अजिबात ठेवून घेऊ नका, तो पासवर्डपेक्षा वाईट प्रकार आहे. ५०,००० च्या वरच्या चेकला पॉझिटिव्ह पे, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधी कळवणं, लागतं का तेही ब्रँचमध्येच विचारून घ्या, नाहीतर शेठ वाटेत आणि चेक परत.

सरकारी भरण्याचं चलन काढायला तर बँकेचं लॉगिन लागतच नाही. टीडीएस ७ तारखेला, पीएफ-ईएसआय १५ ला, जीएसटी २० ला, तीन आठवड्यांत यातली एखादी येणारच. जीएसटीचं चलन पोर्टलवर तुम्ही काढा, ते १५ दिवस चालतं, पैसे शेठ किंवा घरचं माणूस भरेल, किंवा अंदाजाने रक्कम आधीच कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या फर्मच्या खात्यात, भरून घ्या म्हणजे रिटर्नच्या दिवशी ती फक्त करापोटी वळती करायची.

आणि एखादी पार्टी व्हॉट्सअॅपवर नवीन खातं नंबर आणि कॅन्सल चेकचा फोटो पाठवून "यापुढे इथे टाका" म्हणाली तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून ओळखीच्या माणसाशी बोलल्याशिवाय बेनिफिशरी बदलायचा नाही. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, तिथेच फसतात लोक. तरीही पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला, शेठ काय म्हणतील याचा विचार नंतर.

"माझ्यावर विश्वास नाही का" असं ते म्हणाले तर म्हणा, काका, तुमच्यावर आहे, माझ्या हातून चूक होऊ नये म्हणून मागतेय. मी असंच सांगितलंय आजवर आणि एकानेही राग धरला नाही. फॉर्म भरायला, युजर सुरू व्हायला आठेक दिवस धरा, या सोमवारी गेलात तर माउलींची पालखी आळंदीहून निघायच्या आत १ रुपयाचं ट्रायल पेमेंट करून त्यांच्याकडून मंजूर करवून बघता येईल.