.२२३ आणि ५.५६ एकच समजू नकोस

दोन्ही काडतुसं शेजारी ठेवलीस तरी फरक दिसणार नाही, गोंधळ तिथेच होतो. बाहेरची मापं जवळपास सारखी, खरा फरक रायफलच्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत. ५.५६ नाटोच्या चेंबरमध्ये गोळी बॅरलमधल्या खाचांना भिडण्याआधी जरा जास्त मोकळी जागा असते. .२२३ रेमिंग्टनमध्ये ती कमी, म्हणून ५.५६ चं लष्करी काडतूस तिथे झाडलं तर दाब धोकादायक वाढू शकतो. उलट, म्हणजे .२२३ चं काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये, मात्र चालतं, फार तर नेमात थोडा फरक पडेल. काडतुसाच्या बुडावर वर्तुळातलं अधिकचं चिन्ह म्हणजे नाटोचा माल. पण आधी बॅरलवर काय कोरलंय ते वाच.

.३०८ नि लष्करी ७.६२ या दुसऱ्या जोडीचं गणित निराळं: लष्करी केसचं, म्हणजे काडतुसाच्या कवचाचं, पितळ सहसा जाड, आत जागा कमी. रीलोडिंग करणार असशील, म्हणजे वापरलेलं कवच पुन्हा भरणार असशील, तर .३०८ चा दारूचा भार लष्करी केसमध्ये जसाच्या तसा वापरू नकोस.