‘लेडी’ नेमके कोणाला म्हणावे?

प्रश्न : इंग्लंडच्या राजपुत्राशी विवाह होण्यापूर्वी डायना स्पेन्सर यांचा उल्लेख ‘लेडी डायना’ असा होत असे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई यांनाही ‘लेडी टाटा’ म्हटले जाई. एक उमराव घराण्यातील कन्या, दुसरी उद्योगपतीची पत्नी. मग दोघींना एकच उपाधी कशी?

उत्तर : शब्द एकच असला तरी मान दोन वेगळे आहेत, आणि तो फरक ‘लेडी’नंतर कोणते नाव येते यावरून ओळखायचा असतो. ब्रिटिश पद्धतीत ड्यूक, मार्क्वेस आणि अर्ल या वरच्या तीन श्रेणींतील उमरावांच्या मुलींना जन्माने हा मान मिळतो, आणि तो त्यांच्या स्वतःच्या नावाआधी लागतो. डायना यांचे वडील 1975 मध्ये अर्ल झाले, तेव्हा त्या ‘लेडी डायना’ झाल्या. तोपर्यंत त्यांना फक्त ‘ऑनरेबल’ म्हणत. असा मान सामान्य माणसाशी लग्न केल्यानेही जात नाही. त्यांच्या थोरल्या भगिनी सारा लग्नानंतर ‘लेडी सारा मॅकॉर्कोडेल’ झाल्या. आडनाव पतीचे आले, ‘लेडी’ मात्र माहेरची राहिली. पतीला यातून काहीच मिळत नाही, ही गंमत वेगळीच.

मेहरबाईंचा मान सासरचा. दोराबजींना 1910 मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, आणि नाइट (‘सर’ हा व्यक्तिगत किताब मिळालेला) किंवा बॅरोनेट (वंशपरंपरेने ‘सर’ म्हणवणारा) यांच्या पत्नीच्या बाबतीत ‘लेडी’ आडनावाला जोडली जाते. म्हणून ‘लेडी टाटा’ हेच शुद्ध रूप. आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे ‘लेडी मेहरबाई’ हे रूप काटेकोरपणे पाहिले तर त्यांना एखाद्या अर्लची कन्या ठरवते, आणि ही चूक जाणकार लेखकही करतात.

उमरावांच्या पत्नींची पदनामे निराळी आहेत : डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस, बॅरोनेस. यांपैकी डचेस सोडून बाकी चौघींना बोलण्यात ‘लेडी’च म्हणतात, डचेसला तसे म्हणणे म्हणजे तिची पायरी उतरवणे होय. अर्लच्या पत्नीला ‘काउंटेस’ म्हणतात, कारण ‘अर्ल’ या जुन्या इंग्रजी शब्दाला स्त्रीलिंगी रूपच रुळले नाही. मार्गारेट थॅचर तर दोन्ही वाटांनी ‘लेडी थॅचर’ झाल्या : पती डेनिस यांना 1990 मध्ये बॅरोनेटपद मिळाले म्हणून आधी पत्नी या नात्याने, आणि 1992 पासून तहहयात बॅरोनेस म्हणून स्वतःच्या अधिकाराने.

एवढ्या मानापमानाचा हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला आहे. जुन्या इंग्रजीतील त्याच्या रूपाचा अर्थ ‘पावाचे पीठ मळणारी’ असा होतो, तर ‘लॉर्ड’ म्हणजे ‘पाव राखणारा’.